अर्जुनाच्या नावाचे गाणे आणि ते म्हणण्याची अट

मी, जोतिबा आकाराम वायदंडे, वय चौसष्ट, धंदा तमाशाच्या फडांसाठी वग व गाणी लिहिणे, राहणार इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. चार पायऱ्या चढलो तर धाप लागते, पण लिहायला पायऱ्या लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वीचा असा कागद कुठे निघालाच तर तो रद्द समजावा.

तीस वर्षे मी फडमालकांना गुढीपाडव्याच्या आत वग लिहून दिले. हा कागदही पाडव्याच्या आत पुरा करीत आहे. पाडव्यानंतर जत्रा सुरू होतील आणि माझा मुलगा नानासो आपला फड घेऊन बाहेर पडेल. त्याच्या फडात माझे एक गाणे आहे. मुंबईची एक कंपनी त्याची रेकॉर्ड काढणार, असेही तो म्हणतो. त्या गाण्याचा निकाल मला आधी लावायचा आहे. बाकीचे किरकोळ आहे, ते अगोदर उरकतो.

कलम १. इस्लामपूरचे तीन खोल्यांचे पत्र्याचे घर माझी मुलगी हरणाबाई हिला. तिची आई मनुबाई गेल्यापासून सहा वर्षे तिने माझे दुखणे आणि माझी बडबड दोन्ही सोसले. नानासोचे विट्याला घर आहे. त्याने तोंड वाकडे करू नये.

कलम २. फलटणकडचा कवी दादासो याला माझा चष्मा द्यावा. वीस वर्षे तो माझ्या चाली उचलत आला, पण नेहमी थोड्या चुकीच्या उचलल्या. आता तरी नीट दिसेल. राग राहिलेला नाही. चष्मा चांगला आहे.

कलम ३. कपडे ज्याला बसतील त्याला. फेटा मात्र माझ्याबरोबर द्यावा.

कलम ४. कडेगावजवळची वीस गुंठे विहीरबागायत खैराचीवाडी येथील धोंडुबाई ज्ञानू माने हिला. या बाईचे माझे काही नाते नाही. तिला जमीन का, हे पुढच्या कलमात येईल. ती ही जमीन माझ्या हातून घेणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ती माझ्यामागे द्यायची.

कलम ५. गाण्याविषयी.

१९६८ साली मी बापाच्या पागोट्याचा वग लिहिला. भाऊबंदकीत बापाचे पागोटे कोणीतरी उडवतो आणि मुलगा बांधावर त्याचा सूड घेतो, एवढीच गोष्ट. त्यातल्या गाण्यात मुलाच्या नावाची जागा मी मोकळी ठेवली होती. आमच्या धंद्यात पद्धतच आहे. लोक रुपया देतात, सोंगाड्या तो रुपया वर धरून देणाऱ्याचे नाव पुकारतो आणि ते नाव गाण्यात येते. दुसरे कवी नाव शेवटी चिकटवतात. मी नायकाच्या जागीच घालायचे ठरवले. फडमालक खूश झाला. जो रुपया देईल तो त्या दिवशी वाघ.

१९७० च्या चैत्रात खैराचीवाडीची जत्रा होती. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू होती. हजेरी म्हणजे जत्रेतला दिवसाचा खेळ. मी पेटीजवळ बसून नावे चालीत बसवत होतो. एक एकोणीस वर्षांचा मुलगा रुपया घेऊन आला. नाव अर्जुना माने. हे नाव चालीत आपोआप बसते. बहुतेक नावे ओढावी लागतात. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण गावची खरी भानगड गाण्यात आली की शिट्ट्या जास्त पडतात, म्हणून मी नेहमी विचारायचो, तसे विचारले.

"कुणाशी भांडान हाय का रं घरात?"

तो लाजला. शेजारचा पोरगा म्हणाला, "हाय की मास्तर! पाण्याच्या पाळीवरनं ह्याच्या चुलत्यानं, ज्ञानूनं, ह्याच्या बापाच्या कानाखाली काढली. समद्या गावानं बघितलं."

मी पेन्सिलीने पागोटे खोडले, थप्पड घातली. बांध खोडला, विहीर घातली, आणि सूड चुलत्या ज्ञानूवर नेला. दोन मिनिटे लागली असतील. ते गाणे त्या हजेरीत तीन वेळा म्हटले गेले. चुलता समोर चौथ्या रांगेत बसला होता, हे मला नंतर कळले.

फड पुढच्या गावाला गेला. खैराचीवाडीत पोरे अर्जुनाला विचारू लागली, "गाण्यात तर लय मारलास गड्या, खऱ्यात कवा?" अठरा दिवस त्याने ऐकून घेतले. एकोणिसाव्या दिवशी विहिरीवर त्याने चुलत्याला कोयत्याने मारले. ज्ञानू जागीच गेला. अर्जुनाला जन्मठेप झाली.

इथपर्यंत चूक होती असे मी म्हणू शकतो, आणि पुष्कळ वर्षे म्हणालोही. पुढचे तसे म्हणता येत नाही. पुढल्या वर्षी पाडव्याला पाच दिवस असताना फडमालक आला. म्हणाला, "मास्तर, लोकं त्याच अर्जुनाचं गाणं मागत्यात. आता नाव बदलायचं न्हाई. खून घाला त्यात." मी दोन दिवसांत तीन कडवी लिहून दिली. उशीर केला नाही, मी कधीच करत नाही. त्या कडव्यांत चुलता राक्षस झाला, त्याच्या हातात मी कुऱ्हाड दिली, अर्जुनाने त्याला समोरून आव्हान दिले. खरे काय घडले ते मी कोणाला विचारले नव्हते. गाणे सातारा-सांगलीत पोरासोरांच्या तोंडी झाले. माझ्या सगळ्या लिखाणातले हेच एक राहील असे दिसते.

ज्ञानूची बायको धोंडुबाई हिच्याकडे मी तीन वर्षांपूर्वी गेलो. तिने मला बसायला घोंगडे टाकले, पाणी दिले, मग म्हणाली, "आवं मास्तर, मालक माझा भांडखोर हुता, न्हाई म्हनत न्हाई. पन राकीस न्हवता. नातवाला साळंत पोरं राकसाचा नातू म्हनत्यात. त्यो घरी येऊन इचारतो, आज्याला शिंगं हुती का?" जमिनीचे मी काढले तेव्हा ती आत निघून गेली.

नानासोचे म्हणणेही इथे लिहिले पाहिजे. तो मूर्ख नाही. तो म्हणाला, "आबा, दोनशे गावांत म्हटलं आपण हे. दोनशे पोरांची नावं घातली. खून एकानं केला. बाकीच्यांनी का न्हाई केला? कोयता लोहारानं केला, मग लोहाराला का धरला न्हाई?"

मी म्हणालो, "लोहार कोयत्यावर गिऱ्हाइकाच्या चुलत्याचं नाव कोरून देत न्हाई."

"मग काय, गाणीच लिवायची न्हाईत? जोगवा मागायचा फडानं?"

त्याचे यातही खरे आहे. पंचवीस माणसांची चूल या एका गाण्यावर पेटते. शिवाय त्या बाकीच्या एकशे नव्व्याण्णव गावांत काय झाले, हे मी परत जाऊन पाहिलेले नाही. कदाचित काहीच झाले नसेल. कदाचित एखादा पोरगा बापासाठी उभा राहिला असेल आणि हात न उचलता घरी आला असेल. मला माहीत नाही. खून अर्जुनाने केला आणि शिक्षा त्याची तो भोगतो आहे. त्यातला माझा वाटा किती, हे कोणत्याही कोर्टाने मला विचारले नाही. म्हणून मलाच ठरवावे लागत आहे, आणि मी थकलो आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी तुरुंगात जाऊन अर्जुनाला भेटलो. आता तो सव्वीसचा आहे, केस पिकू लागलेत. त्याने मला ओळखले.

"मास्तर, तुमच्यामुळं लय मान हाय बगा मला हितं. नवी पोरं आली की पाया पडत्यात. गाणं म्हन म्हनत्यात."

"मग म्हणतोस?"

"म्हनतो. न्हाई म्हटलं तर म्हनत्यात, गर्व झाला." मग तो जाळीजवळ आला. "चुलता इहिरीच्या पायरीवर बसून ओंजळीनं पानी पीत हुता. मी मागनं मारलं. त्यानं वळून बगितलंबी न्हाई. तुमी त्याच्या हातात कुऱ्हाड दिलीया. मी खरं सांगतो तर पोरं म्हनत्यात, दादा लाजतोय. तुमचं ऐकतील. तुमी सांगा."

घरी आल्यावर मी ते लिहायला बसलो. तीन आठवडे बसलो. इतका वेळ मी आयुष्यात कशाला घेतलेला नाही. कडवे होत होते. तेच वाईट होते. ओंजळीला यमक मिळाले की लोक मान डोलावणार, मागून मारलेला घावही चालीत गेला की मर्दानी वाटणार. शेवटी कागद फाडले.

कलम ६. माझ्या वह्या, पेटी, दोन्ही ढोलक्या आणि सर्व गाण्यांचा हक्क नानासोला, पण एका अटीवर. दुसरे फड अर्जुनाचे गाणे म्हणतील, त्यांना मी थांबवू शकत नाही. नानासोच्या फडाने मात्र त्यातली मी नंतर घातलेली तीन कडवी म्हणू नयेत, त्यात कोणाचेही खरे नाव घालू नये, आणि गाणे सुरू करण्यापूर्वी ढोलकी थांबवून, चाल न लावता, बोलल्यासारखे एवढे सांगावे:

"खैराचीवाडीच्या अर्जुना मानेने आपला चुलता ज्ञानू याला पाठीमागून मारले. ज्ञानू तेव्हा पाणी पीत होता. त्याच्या हातात काही नव्हते. समोरून मारल्याचे जोतिबा मास्तरने मनाने लिहिले."

रेकॉर्डवरही गाण्याच्या आधी हे बोलणे असावे. कंपनीला नको असेल तर रेकॉर्ड काढू नये. अट मान्य नसेल तर पेटी शाळेला द्यावी आणि वह्या हरणाबाईने चुलीत घालाव्यात. ती घालील; तिला गाण्यांचा लोभ कधीच नव्हता.

इथपर्यंतचा कागद मी काल नानासोला वाचून दाखवला. बराच वेळ तो पेटीचा भाता नुसताच उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "आबा, हे ऐकून लोकं उठून गेली तर?"

मी सांगितले, "जाऊ दे. सगळी जाईस्तोवर थांब. मग ढोलकी लाव."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. म्हणून अट तोंडी भरवशावर न सोडता आज सहीने पक्की करीत आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दोघा साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: जोतिबा आकाराम वायदंडे

साक्षीदार:
१. बाबासो रामू शेटे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, इस्लामपूर
२. अंबूबाई केशव तोडकर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: इस्लामपूर
दिनांक: ११ फेब्रुवारी १९७७, शुक्रवार