मोटारसायकलच्या विक्रीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त टंकलेखिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. कोणी गळ घातली म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. वकिलांच्या कचेरीत एकतीस वर्षे मी इतरांची मृत्युपत्रे टाइप केली. ‘बुद्धी स्थिर व शाबूत असताना’ हे शब्द कळफलकाकडे न बघता उमटायचे. आज ते लिहिताना हात अडला, कारण या घरात दोघांपैकी एकाचीच बुद्धी शाबूत आहे, आणि हृदय थकले आहे तेही तिचेच. ऑपरेशन झेपणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

मला एकच मुलगी. ती परगावी नर्स आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

१. दुसऱ्या मजल्यावरचे हे राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलीला मिळावे. माझ्यामागे ती आपल्या वडिलांना स्वतःकडे नेणार आहे. घर भाड्याने द्यावे आणि त्यातून यांच्याजवळ दिवसभर थांबणाऱ्या बाईंचा पगार द्यावा.

२. माझे पती चष्मे करत. त्यांचे काचा घासायचे यंत्र आणि फ्रेमींनी भरलेले दोन खण, ज्या बाईंनी त्यांचे दुकान पुढे चालवायला घेतले त्यांना द्यावेत. यांनी दुकानात येऊन काही हातात घेतले, तर त्या हिसकावून घेत नाहीत, हे मी पाहिले आहे.

३. धाकट्या दिरांना काहीही देऊ नये. यांच्या विस्मरणाच्या आजाराच्या सुरुवातीला याच घरात चहा पिता पिता ते म्हणाले होते, “वहिनी, दादा सोंग करतोय. तुम्ही लक्षच देऊ नका.” मी लक्ष दिले नाही. डॉक्टरांकडे जायला आठ महिने उशीर झाला. त्यातला अर्धा दोष त्यांचा, अर्धा माझ्याकडे ठेवते. त्यांनी महिन्यातून एकदा भावाजवळ येऊन बसावे. अशी अट कायद्याने बांधता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

४. मोटारसायकल. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले.

गाडी क्रूझर जातीची आहे. बुटकी बैठक, रुंद हँडल, पाय पुढे ताणून आरामखुर्चीत बसल्यासारखे बसायचे. घेतली तेव्हा पक्की नोकरी माझी होती, म्हणून कर्ज माझ्या नावावर निघाले आणि गाडीही. चालवली मात्र यांनीच. मी एकोणीस वर्षांतली पंधरा मागे बसले. टाकीचा रंग मूळचा आहे, चेन कधी कोरडी पडलेली नाही, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेवार फाइलला लावलेली आहे. चार वर्षांपूर्वी हे पेट्रोल भरून पंपावरच तासभर उभे राहिले, घर कुठे ते आठवेना. तेव्हापासून किल्ली माझ्याकडे असते. पण रोज सकाळी फडके घेऊन खाली जायचे आणि गाडी पुसायची, हे चुकलेले नाही. मुलीचे नाव गेले. पुढच्या चाकात किती हवा आणि मागच्यात किती, ते अजून बरोबर सांगतात.

गेल्या वर्षी यांना किल्ली सापडली. गाडी काढून फाटकाबाहेर वळवताना समोरच्या आजी थोडक्यात वाचल्या. त्या दिवशी मी गाडी विकायचे ठरवले.

जाहिरात वाचून एक चित्रकलेचे शिक्षक आले. गाडी यांनीच दाखवली. इंजिन सुरू करून आवाज ऐकवला, आरसे हलवून दाखवले, गुडघ्यावर बसून चेनचा ताण दाखवला. कितीतरी महिन्यांनी हे सलग बोलत होते.

“डोळे झाकून घ्या,” हे म्हणाले. “मालकाने लेकरासारखी जपलीय.”

“मालक कोण?” शिक्षकांनी हसत विचारले.

यांनी माझ्याकडे पाहिले. “या बाईंना विचारा. त्या इथेच राहतात.”

शिक्षकांचे हसू मावळले. मी कागदांवर सह्या केल्या. गाडी मागे घेताना यांनीच हाताने दिशा दाखवली, फाटक धरले, आणि ती वळणापलीकडे गेल्यावर म्हणाले, “छान गेली.”

दुसऱ्या सकाळी हे फडके घेऊन खाली गेले आणि धावत वर आले. “अगं, गाडी चोरीला गेली!” विकली म्हणून सांगितले. तुम्हीच दाखवलीत, हेही सांगितले. दुपारपर्यंत विसरले. तिसऱ्या सकाळी पुन्हा चोरी झाली. मग रोज. प्रत्येक दिवशी धक्का नवा, रडणे नवे, आणि समजूत घालणारी मी तीच. आठव्या दिवसापासून जेवण सुटले. जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे.

बाराव्या दिवशी मी शिक्षकांना फोन केला. काही मागायला नव्हे, नुसते सांगायला. संध्याकाळी ते गाडी घेऊनच आले. “काकू, ठेवा. मी थांबतो,” एवढेच म्हणाले. मी त्यांचे पैसे परत केले, त्यांनी सह्या केलेले कागद परत दिले. गॅरेजच्या मेस्त्रींनी बॅटरी काढून नेली. तेव्हापासून गाडी खाली आहे आणि हे जेवतात.

मुलीकडे चौथा मजला आहे, खाली गाडी लावायला जागा नाही. म्हणून माझ्यामागे ही गाडी त्या शिक्षकांनाच विकावी. आधी काय झाले ते मी पाहिले आहे, दुसरा मार्ग मला दिसत नाही. यांनी विचारले तर विकली म्हणू नये, चोरीला गेली असेही म्हणू नये. ‘सर्व्हिसिंगला दिलीय, संध्याकाळी येईल’ असे सांगावे. हे म्हणतील, “चेन बघायला सांगितलंस ना?” हो म्हणावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच सांगावे. कंटाळू नये.

५. माझ्याबद्दल विचारले तर काय सांगायचे, ते मला सुचलेले नाही. विचारणारही नाहीत कदाचित. हे कलम इथेच सोडते.

वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला, तेव्हा हेही शेजारी बसून ऐकत होते. मी सही केली. यांनी पेन मागितले.

“मी करतो सही. मी या बाईंना ओळखतो.”

“कुठून ओळखता?” साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी विचारले.

हे माझ्याकडे वळले. “रोज असतात,” म्हणाले.

ज्याच्यासाठी तरतूद केली आहे त्याला साक्षीदार करू नये, हे मी एकतीस वर्षे लोकांना सांगत आले. तरी पेन दिले. माझ्या सहीखालची वाकडी सही त्यांची आहे. कायद्याने तिला अर्थ नाही. ती कोणी खोडू नये.

स्थळ : राहते घर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४, सकाळी साडेअकरा

लिहून देणार : (सही)
(सही)

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष व लिहून देणारीसमक्ष सह्या केल्या :
१. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)