हिरवा रंगवलेला कातळ

आई, आपल्या डोंगराचा नकाशा आज मंजूर झाला. दोन वर्षं चाललेलं एकदाचं संपलं. आनंद करायचा की सुतक धरायचं ते कळेना, म्हणून तुला लिहायला बसले आहे. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, जेवलीस का? नाही जेवले. फार दमले आहे गं, आणि हा थकवा झोपून जाणारा नाही.

दसरा झाला की तू आणि पलीकडच्या आळीतली मावशी विळे घेऊन गवताला जायचात. शाळेला सुट्टी असली की मीही मागे. डोंगराच्या मध्यावर तो सपाट माळ, तिथे सगळ्या बायका भारे उतरवतात, पाणी पितात, आणि एकमेकींच्या डोक्यावर भारे चढवून पुढे उतरतात. मी नऊ वर्षांची आहे. वरच्या कातळावर गवत उंच दिसतं म्हणून मी कुणाला न सांगता तिकडे जाते आणि घसरते. गुडघा फुटतो. मावशी दगडी पाला चोळून लावते, तू मात्र ढुंकून बघत नाहीस. घरी आल्यावर चुलीपुढे बसून लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक काढत तू म्हणालीस, "जिथं बकरी उभी न्हाय राहत तिथं मानसानं जाऊ नये. डोंगर आपला हाय म्हनून समदा डोंगर आपला नसतो." मग तव्यावरची पहिली भाकरी मला दिलीस, सुकटीबरोबर. राग आणि भाकरी तू कायम एकाच हाताने वाढायचीस.

तेच गवत विकून तू मला नकाशे काढायचं शिक्षण दिलंस. कोर्सला नाव घातलं त्या दिवशी भिवंडीहून रेघा मारायचा टी-स्क्वेअर आणलास, नव्या कापडात गुंडाळून, कुणाच्या नजरेला पडू नये असा. आता तो कपाटावर असतो, सगळं कॉम्प्युटरवर चालतं. ऑफिस तेच, आर्किटेक्ट साहेबांचं, दुसऱ्या मजल्यावरचं, खाली लूमची खडखड. आपल्या डोंगराचा उतार बिल्डरने घेतला आणि काम फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. सात इमारती. एवढी घरं बांधायची तर काही जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते, तसा नियम आहे. आमच्या धंद्यातली रीत अशी, की जिथे इमारत उभी राहत नाही तीच जागा मोकळी म्हणून दाखवायची. साहेबांना सांगावंसुद्धा लागलं नाही. माळावर मी तीन इमारती बसवल्या आणि कातळ हिरवा रंगवला. कागदावर चढ दिसत नाही. झाडांचे गोल ठिपके टाकले की बाग झाली. दोन बाकही काढले मी, आई.

गावाने हरकत घेतली. पोरांना खेळायला माळ हवा होता, लग्नाचा मांडव तिथेच पडतो, आणि पावसात डोंगराचं पाणी ज्या वहाळातून उतरतं तो बुजवला तर खालच्या घरांत शिरणार, हे तर लहान पोरही सांगेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या दादाचा मुलगा लूमच्या डोक्यावर एका खोलीत बायको आणि तान्हं घेऊन राहतो, कानात कापूस घालून झोपवतात त्या लेकराला. दादाने जमिनीतला आपला हिस्सा विकून त्याच माळावरच्या इमारतीत त्याला घर घेतलं. घरं नकोत असं कुठल्या तोंडाने म्हणू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. बिल्डरच्या माणसाने नकाशा भिंतीला लावला. मावशी आता ऐंशीच्या घरात आहे, पण उठून अगदी जवळ गेली आणि हिरवी जागा कुठली ते विचारलं. कुणीतरी दाखवली. आधी तीच हसली, मग सगळे. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय, तू तं तिथनंच घसरली व्हतीस. ज्यानं ह्यो काढला त्याला आपला डोंगर ठावकी न्हाय. तू सांग त्याला."

मी म्हटलं, "सांगते."

त्यानंतर मी साहेबांच्या मागे लागले हे खरं. माणूस वाईट नाही, पण बिल्डर हलेना. महिनोन्‌महिने रेघा पुसल्या, पुन्हा काढल्या. शेवटी माळावरची एक इमारत गेली, दोन राहिल्या. अर्धा माळ मोकळा, भोवती भिंत, गावासाठी एक फाटक. वहाळ थोडा रुंद धरला. पोरं म्हणतात अर्ध्या माळावर काय खेळणार, घरं घेणारे म्हणतात गावाला फाटक कशाला. जी इमारत गेली ती नेमकी दादाच्या पोराची. त्याचं घर आता मागच्या इमारतीत, आणखी दोन वर्षांनी, म्हणून दादा माझ्याशी बोलत नाही. सगळे सारखेच नाराज झाले की आमच्यात त्याला समतोल म्हणतात.

बातमी कळल्यावर संध्याकाळी मावशी ऑफिसात आली. कठड्याला धरून दोन जिने चढली, पिशवीत वालाच्या शेंगा. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "पोरीनं तुमाला सांगितलं म्हनून अर्धा तरी माळ वाचला." साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागदात मान घातली. मावशीने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, तुझी आई असती तर तिला बरं वाटलं असतं. मी शेंगा घेतल्या.

कातळ मी रंगवला हे तिला आजही सांगितलं नाही. तिचं घर इथून पाच मिनिटांवर आहे, दिवाही जळतोय, आणि मी पत्र तुला लिहीत बसले आहे.