पोटातलं दूध

अज्रू शहराच्या वरचं डोंगरातलं गाव
रविवार, १७ एप्रिल १९९४

प्रिय इझ्झाताई,

सलाम. तू, भावजी आणि पोरं मजेत असाल. इकडे सगळं ठीक. बर्फ वितळलंय, माझा नवरा मोहा बायकोपेक्षा मेंढ्यांशीच जास्त बोलतो. तुझं पत्र आणि लोकर मिळाली. त्याबद्दल पुढे लिहिते.

सासूबाईंची तांबडी गाय व्याली आणि माझ्या जिवावर उठली. रोज सकाळी काठोकाठ भरलेला वाडगा हातात, वरून संत्र्याच्या फुलांचं पाणी. आठवतं ना, लग्नात दारातच दूध-खजूर दिलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडासमोर मी पोट धरून पळत होते? तेव्हापासून तेच चाललंय. पोटात गुरगुर, मुरडा, वारा. आणि हातात दिलेलं दूध परत करायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नको म्हटलं की सासूबाईंचं ठरलेलं, "माझ्या गाईत काय खोट आहे?"

या खेपेला पोट ढोलासारखं फुगलं आणि सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. पाळी तर माझी नेहमीच मागेपुढे. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोळे पुसले आणि झऱ्यावर जाऊन सगळ्या बायकांना सांगून आल्या. बारशासाठी कोकरूही वेगळं बांधलं, तुलाही निरोप धाडला. दूध दुप्पट झालं. "आता दोघांसाठी पी गं." मी प्यायची, पोट वाढायचं. पोट वाढलं की त्या खूश, की अजून एक वाडगा. वैताग आला होता नुसता.

शेवटी तू पाठवलेली लोकर आणायची सांगून अज्रूला गेले. डॉक्टरबाईंनी तपासलं, लघवी तपासली. म्हणाल्या, दुधातली साखर तुला पचत नाही. हा रोग नव्हे, इकडे पुष्कळांचं असंच आहे, फक्त कुणी बोलत नाही. ताक बेतानं घे, जुनं चीज चालेल, दूध बंद. हे सगळं त्यांनी अगदी नीट समजावलं. आधी जे एक वाक्य बोलल्या ते मी तुला अजून लिहिलेलं नाही.

घरी आले तर सासूबाई गोठ्यात. मला पाहताच वाडगा पुढे केला.

"आई, नको."

"पोरासाठी तरी घे."

"पोर नाहीये, आई. माझ्या पोटात तुमचं दूध आहे."

वाडगा त्यांच्या हातातच राहिला. मग मलाच विचारतात, "आता झऱ्यावर काय सांगू?" मला काय होतंय, ते नाही विचारलं. रागानं माझं डोकं भणाणलं.

त्यांनी काय सांगितलं माहीत आहे? पोटातलं पडलं म्हणून. आता गावातल्या बायका येतात, माझा हात धरून रडतात, अंगात ताकद यावी म्हणून प्रत्येकीच्या हातात दुधाची किटली. चुलीपाशी सात किटल्या मांडल्यात. मी कुणाकुणाला समजावू? मोहा म्हणतो, "थोडं थोडं घे ना, त्यांचं मन राखायला." मी एक किटली त्याच्याच पुढ्यात ठेवली. तर म्हणतो, मला नको, माझं पोट बिघडतं. लहानपणापासून. आता बोल.

चिडचिड होते, पण खरं सांगू? पहिल्या बाईनं हात धरला तेव्हा मी नाटक करणार होते. नाटक करावंच लागलं नाही. मलाही वाटलं होतं गं. आतून हलतंय असं वाटायचं तेव्हा मी हात ठेवून बसायची. तो वारा होता.

तू टोपडं विणायला घेतल्याचं लिहिलंयस, ते उसवू नकोस. पूर्ण कर आणि ईदला घेऊन ये. कुणाला दाखवायचं नाही, मला नुसतं हातात घेऊन बघायचंय.

आणि येताना सासूबाईंनी दारात वाडगा पुढे केला, तर माझ्यासमोर एकदा नाही म्हण. माझ्यासाठी.

तुझी एकटीची,
तूदा