फॅनवालं की बिनफॅनचं

३ नोव्हेंबर
मशीन पुन्हा ६१ टक्क्यांवर मेलं. दहाले लावलं, दोनले लाइन गेली. इन्व्हर्टरनं अर्धा तास ओढलं अन् स्क्रीन काळी. आमचा विजेचा फीडर खेड्याचा, अकोला नावालेच. दहा ते दोन तेवढी भरवशाची लाइन, संध्याकाळची नुसती डोळे मिचकावते. अन् या कॉम्प्युटरले एका लग्नाचा व्हिडिओ बाहेर काढायले सात तास लागतात. करा आता हिशोब.

त्यात सलीमभाईचा फोन, अमरावतीहून. "ताई, हिवरखेडले सामूहिक लग्न हाय. एकवीस जोडे. हरेकाले आपली आपली डीव्हीडी पायजे. इथली नवीन लॅब चार दिवसात देतो म्हनते. तुमाले किती लागतीन?"

बारा वर्षं शूटिंग त्यांचं, मिक्सिंग माझं. पाच म्हणून बसली. कशाच्या जोरावर, देव जाणे. ते म्हणे, "एवढं करून दाखवा, मंग सीझनचं बोलू."

म्हणजे हे नाही जमलं तर काम गेलं. मले दुसरं काही येत नाही.

५ नोव्हें.
दुकानात गेली. नवा कॉम्प्युटर घ्यायची गोष्टच नाही. हे जिनिंगवर वजनकाट्याले आहेत अन् यंदा गेटावर कापसाच्या गाड्या मोजक्याच, तिथला मालक रोज तोंड पाडून बसते. दुकानवाला म्हणे ग्राफिक कार्ड टाका, भरभर निघेल. "दोन जीबीचं घ्या वहिनी, डोळे झाकून."

डोळे झाकून मी वांगे घेत नाही. परत आली.

६ नोव्हें.
यष्टीनं अमरावती. कंबर मोडली. राजापेठेत सलीमभाईच्या ओळखीचा रफिक मिस्त्री आहे, ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली बसते. त्यानं विकायच्या आधी विचारलं तरी: कॉम्प्युटर किती जुना, सॉफ्टवेअर कोणतं, त्याचा डबा केवढा.

"जीबी नका पाहू. हे दोन जीबीवालं डीडीआर थ्री हाय, म्हनजे टाकी मोठी अन् नळ बारीक. ते एक जीबी डीडीआर फाइव्ह, टाकी लहान पन नळ जोरात. तुमाले काय पायजे?"

चार तासात पाणी भरायचं असते तिले काय पाहिजे, हे अकोल्याच्या बाईले विचारते! नळ.

अजून दोन गोष्टी त्यानं बजावल्या. माझं सॉफ्टवेअर ज्या कार्डाले ओळखते तेच घ्यायचं, नाही तर ते नुसतं शोभेचं. अन् वेगळी वायर मागणारं घ्यायचं नाही, आपला पॉवर सप्लाय म्हातारा आहे. उद्या डबा उघडून फोटो पाठवते म्हटलं.

७ नोव्हें.
डबा उघडला. अगं माय! आत हातभर कापूस. प्रोसेसरच्या फॅनवर पुंजके, पॉवर सप्लायच्या जाळीत पुंजके. यांच्या कपड्यांतून, केसांतून सहा वर्षं घरात आलेला. हे चहा पीत उभे होते. म्हणे, "यात तं उशी भरते." मले हसू आलं नाही. मग आलं.

फोटो पाहून रफिकचा फोन. तसं कार्ड दोन प्रकारात आहे, एक फॅनवालं, एक बिनफॅनचं. "बिनफॅनचं तुमच्या मे महिन्यात भाजून निघीन. फॅनवालं कापसानं गुदमरीन. कोनतं मरन पायजे ते सांगा."

८ नोव्हें.
दिवसभर तेच डोक्यात. फॅन, बिनफॅन. भाजी करपली. सासूबाई म्हणे, "एवढा इचार तं नवरा करतानी नसते करत कोनी." मी म्हटलं, नवरा तुमी पाहिला होता, कार्ड मले पाहा लागते.

यांनाच विचारलं शेवटी. "मे महिना तं काही आपल्याच्यानं थांबत नाही. कापूस थांबवता येते," म्हणे. उद्यापासून कपडे ओट्यावरच झटकतो म्हणाले.

फॅनवालं सांगितलं.

१२ नोव्हें.
रफिक स्वतः आला कार्ड घेऊन. आपला डबा अरुंद, कार्डाची उभी पट्टी बसेना. आखूड पट्टी खोक्यातच होती, ती लावली. पाच मिनिटांचं काम. मागच्या सालचं एक लग्न लावून पाहिलं.

दोन तास चाळीस मिनिटं.

लाइन जायच्या आत! मी दोनदा घड्याळ पाहिलं. रफिकले जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हेही खरंच ओट्यावर कपडे झटकून राहिले चार दिवसांपासून, थंडीत कुडकुडत. चांगला आहे माणूस. बोलत नाही एवढंच.

२१ नोव्हें.
कॅसेटी आल्या, सोबत कोणत्या नंबरले कोणता जोडा त्याची सलीमभाईच्या हातची यादी. एकवीस नवरदेवांत पाच गजानन. आमच्या भागात पोरगं झालं की नाव गजानन, दुसरं सुचतच नाही कोणाले. सगळ्यांचे पिवळे फेटे, सगळ्यांच्या मुंडावळ्या, फटफटीत लाइटात सगळे तोंडं सारखे. मांडवात एवढी माणसं अन् जेवणाच्या पंगतीत वरण-पोळी-बुंदी, बस. पूर्वी एकेका लग्नात मी पंगतच वीस मिनिटं ठेवायची. इथं एकेका जोड्याची डीव्हीडीच छोटी, अर्ध्या तासात बाहेर निघते.

डोळे चुरचुरून राहिले.

२५ नोव्हें.
झालं. पाचव्या दिवशी दुपारी दीडले एकविसावी डीव्हीडी. एकदाही लटकलं नाही. यष्टीच्या पार्सलात टाकलं. सलीमभाई म्हणे, "वा ताई, लॅबले इसरलो मी." एवढं हलकं कधीचं वाटलं नव्हतं. झोपली ती दिवे लागणीलेच उठली.

२९ नोव्हें.
कॅसेटी परत द्यायच्या म्हणून एकेक लावून पाहत होती. नऊ नंबरच्या मंगळसूत्राच्या वेळी माइकवाला ओरडते, "गजाननराव अन् सविता!" मी तर नऊवर गजानन-कविता नाव टाकलं. आवाज मीच बंद करून वर सनई लावलेली. चौदा काढली. तिथं कविता अन् दुसरा गजानन.

यादी पाहिली. यादी बरोबर आहे. सलीमभाईचं ९ चं नाव मी १४ वर नेलं अन् १४ चं ९ वर.

पूर्वी असं झालं की म्हणायची, मशीन लटकलं, घाईत गेलं, लाइन गेली. बारा वर्षं मशीनले नावं ठेवली. आता काय म्हणू? मशीनजवळ वेळ होता. मीच पाहिलं नाही. दिसलंच नाही मले, खरं म्हणजे. बारीक अक्षर हल्ली… जाऊ द्या.

सांगायचं की नाही? त्यांना कळलं नसेल तर? सीझन तोंडावर.

३० नोव्हें.
लाइन आल्या आल्या दोन्ही पुन्हा काढल्या. नेमकी लाइन पाऊण तासातच गेली, दुसरी इन्व्हर्टरवर संपली, जीव मुठीत. मग फोन केला. आधी केला असता तर रडली असती.

"वाटल्या का डीव्हीड्या?"

"काल वाटल्या. कावून?"

सांगितलं. तिकडे ती सविता सासरच्या चार माणसांत बसली असेल अन् टीव्हीवर नवऱ्याच्या बाजूले दुसरीचं नाव, फुलं उधळत, मी दिलेल्या थ्रीडी अक्षरात. नव्या नवरीले काय काय ऐकावं लागलं असेल. मले लाज वाटली, फार.

सलीमभाई म्हणे, "कार्ड बदलवलं ताई, आता चष्मा बी बदलवा." हसले. पण नेहमीसारखे नाही.

म्हटलं, उद्या मीच हिवरखेडले जाते, दोन्ही घरी बदलून देते, माफी मागते. "जा," म्हणे. पत्ते सांगितले. मी मोठ्या अक्षरात लिहून घेतले अन् वाचून दाखवले.

मग धीर करून विचारलं, धारणीच्या लग्नाचं शूटिंग आहे ना पुढच्या आठवड्यात?

"हाय. पाहू."

आपल्याकडं 'पाहू' म्हणजे हो बी असते अन् नाही बी. मी पुढं विचारलं नाही. सकाळची सातची यष्टी आहे.