मंडळाचं पहिलं नाव

पुणे, रविवार

चि. रत्नमाला,

तुझ्या थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

मी इथं मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण काल त्याच गुडघ्यावर ताठ उभा राहिलो! फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच रडतेस.

काल इथल्या मेळाव्यात आपल्या किन्हीराजाच्या कृषी युवक मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास वाचला गेला. मंडळाची अध्यक्ष वैष्णवी वाचत होती, "पहिले सभासद, माणिकराव." टाळ्या पडल्या. मला मात्र पन्नास वर्षांपूर्वीची आपली ओसरी दिसली. ओल्या गोणपाटात तू ज्वारीचे शंभर दाणे गुंडाळून ठेवले होतेस. चौथ्या दिवशी शाळेतल्या कवितेच्या चालीवर मोजलेस, तर चाळीसच उगवलेले. म्हणून गावानं बियाणं बदललं आणि पेरणी साधली. त्यातूनच मंडळ निघालं, तरी बाबा म्हणाले, "मंडळात पोरगी कायले पाह्यजे?" सभासदांची वही माझ्या हातात होती. मी तुझं नाव लिहिलं नाही.

मी उठलो. "थांब बाई, पहिलं नाव चुकलं."

"मंग कोनाचं हाय, आबा?"

"माह्या बहिणीचं. दाणे तिनं मोजले, मान म्या घेतला."

सारं सभागृह उभं राहिलं, रत्ना! वैष्णवीनं तिथंच हातातल्या इतिहासाच्या पुस्तकात माझं नाव खाली सरकवून वर तुझं लिहिलं.

तांबू गाय व्याली का? ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? डोळा बरा होईपर्यंत ते पुस्तक घेऊन मी पोचतोच. हे पत्र कुणाकडून वाचून घे, पण त्यातलं पहिलं पान तुझं तूच वाच.

तुझा भाऊ,
सभासद क्रमांक दोन,
माणिक