डावऱ्याची गाठ

घोडपदेव, ९ मार्च १९५८

ति. सौ. मालनताईस धाकट्या दौलतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या एका कार्डात सात प्रश्न! तू वकील व्हायचीस. गिरणीच्या दारात सक्तीने देवी टोचल्या, तेव्हापासून डावा हात लुळा तो लुळाच. परवा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत ठरावालाही उजवाच वर केला.

भरपाईच्या दाव्यात कंपनी तडजोडीला तयार आहे, पण गाडं एका शब्दावर अडलंय. टोचण्याच्या कागदावर ‘कामाचा हात : उजवा’ असं लिहिलंय. मग बिनकामाचा हात गेला तर भरपाई कसली, असं त्यांचे वकील म्हणतात. मी डावरा, ही सोबत्यांची साक्ष ते धरत नाहीत. साच्यावरचं काम तर सुटलंच, आता खोलीही सुटेल की काय, या धास्तीने जेवण जात नाही.

पद्मजेला पापा. माया पातळ करू नकोस.

तुझा दौलत

*

कणकवली, १७ मार्च १९५८

चि. दौलत यास अनेक आशीर्वाद.

अरे, पण ‘उजवा’ सांगितलं कोणी? तू जन्माचा डावरा! की तूच सांगितलंस? रांगेत चारचौघांत लाजलास ना? खरं लिही.

चूक माझीही आहे. जेवताना तुझा डावा हात सुतळीने पाटाला बांधायचे ते बाबांच्या सांगण्यावरून, पण बांधायचे मीच. आता पद्मजा डावरी निघालीय, आणि हे तिचाही बांधायला सांगतात.

एक सांग, साच्यावर तुटलेला धागा डावरा उलटा बांधतो का? दिवाळीला तू पाठवलेल्या पार्सलाची गाठ मला कधीच सुटली नाही. सुतळी कापून फडक्यासकट ठेवलीय, पोस्टाचा शिक्का आहे. ती पाठवतेय. उपयोग होतो का बघ.

जेवत जा. मुंबई मिळेल तेव्हा मिळो.

तुझी ताई

*

घोडपदेव, ६ एप्रिल १९५८

ति. ताईस शि. सा. नमस्कार.

होय, मीच सांगितलं. कंपाउंडरने विचारलं, मागे सगळं खातं उभं, डावा म्हणायला जीभ रेटेना.

तुझी सुतळी कंपनीच्या वकिलांपुढे टेबलावर ठेवली. कंपनीने आमच्या खात्याचा मुकादम, जॉबर गुणाजी बोलावला. तो पक्का मालकाचा माणूस. त्याने गाठ दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाला की ही डावऱ्याची गाठ, उजव्याला जन्मात जमायची नाही. शिक्का टोचण्याच्या आधीचा.

लशीने हात गेला हे कंपनीने कबूल केलं नाहीच. पण कामाचा हात गेला एवढं लिहून दिलं, वर्षाचा पगार दिला आणि हजेरी लिहायचं काम. बाबांनी मारून गिरवायला लावलेला उजवा शेवटी पोटाच्या कामी आला. हसू येतं आणि रडूही.

पद्मजेला खण पाठवलाय. तिचा हात बांधू नकोस, ताई. या पार्सलाची गाठ माझ्या उजव्या हाताची आहे, ढिली बसलीय. तिला सोडू दे, तिच्या डाव्या हाताने.

तुझा दौलत