इंजिनाची नीज

पुंगोल, सिंगापूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. हेमूदादास,
मधुमतीचा कृ. सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. नाशकात स्वेटर निघाले असतील. इथे थंडी नावालाही नाही, बारा महिने तेच दमट ऊन.

माझी मारुती आता होळीपर्यंत तुझ्या अंगणात उभी राहणार. थंडीत इंजिनाच्या आत ओल धरते आणि गंज चढतो. म्हणून जुनं ऑइल काढून नवं घाल, टाकी काठोकाठ भर, बॅटरीची वायर सोडव. एअर फिल्टर आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकी कोंब, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. मग तिला निजू दे. माया आली म्हणून रोज दोन मिनिटं सुरू करू नकोस. तेवढ्यात इंजिन तापत नाही, उलट आत पाणी साठतं.

इरा मला संध्याकाळी एलआरटीतून फिरवते. पुलावरून धावणारी इवलीशी रेल्वे, तिला ड्रायव्हरच नाही. इमारतींमधून गोल फिरून पुन्हा तिथेच येते. आम्ही पुढच्या काचेशी उभ्या राहतो. इरा इथल्या ढंगात म्हणते, आजी, तूच चालव लाह. डोळे अर्धे मिटले की खालचं पाणी गोदावरी होतं आणि मी त्र्यंबक रस्त्याला लागते.

उन्मेष माझ्या इथे राहायच्या परवान्याचं, लाँग टर्म पासचं बघतोय. आई, आता इथेच राहा, म्हणतो. मी विषय बदलते. गाडी तिथे उभी आहे, म्हणजे मी परत येणार.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, थोडा गाडीवरही असू द्यावा.
तुझी
मधू

नाशिक
६ डिसेंबर २०२४

चि. मधूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगितलंस ते सगळं केलं. शिवाय माझ्या डोक्याने बोनेटखाली कडुलिंबाचा पाला पसरला आणि डांबरगोळ्या ठेवल्या. आईचा शालू वर्षानुवर्षं असाच टिकला होता. तुझी वहिनी म्हणते, गाडीला गव्हाच्या कोठीचा वास येतोय.

आता खरं सांगतो. उन्मेषने वहिनीच्या मोबाइलवर निरोप धाडला, मामांना गाडीसाठी गिऱ्हाईक बघायला सांग. आईला कळवू नका म्हणाला, पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी सिग्नलवर तुला चक्कर आली, त्याचा पोराने धसका घेतलाय. संक्रांत झाली की एक जण बघायला येईल. काय करू ते लवकर कळव.

तब्येत जप. माझ्यावर रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा
दादा

पुंगोल
२४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

अरे देवा, तो पाला आधी काढ. वाळला की गरम इंजिनावर पेट घेईल, आणि त्याआधी उंदीर त्यात बाळंतपणं उरकतील. शालू नव्हे, इंजिन आहे ते. वाचून खूप हसले आणि मग रडू आलं.

चक्कर कानामुळे येत होती, ती केव्हाच गेली. गाडी चालवा, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. उन्मेषला ते पटत नाही. पोरगं वाईट नाही रे, घाबरलंय. इथे मला कशाची ददात नाही. पण सगळे मला हाताला धरून नेतात, आणि मी तीस वर्षं दुसऱ्यांना गाडीत बसवून नेत आले. गाडी गेली तर मी परत येऊन काय करू, मग इथेच राहीन. हे त्याला तोंडाने सांगायला मला जड जातं.

गिऱ्हाईक आलंच तर लांबून दाखव, सुरू मात्र करू नकोस. तिला उठवायचं ते मीच.

आशीर्वाद असावा.
मधू

पुंगोल
११ जानेवारी २०२५

ती. हेमूमामांस,
उन्मेषचा सा. न. वि. वि.

मामीच्या मोबाइलवर निरोप टाकलाच आहे, तरी पत्र लिहावंसं वाटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा.

एरवी रॅफल्स प्लेसला ऑफिसात जाता-येता मी फोनमधून मान वर काढत नाही. आज शनिवार, म्हणून आई आणि इराबरोबर एलआरटीत बसलो. मी काही बोलायला लागलो तर इराने दटावलं, आजी ड्राइव्ह करतेय. तेव्हा मी आईकडे नीट पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले. स्टेशन आलं की तिचा उजवा पाय हलकेच खाली दाबला जायचा. वळणाआधी ती उजवीकडे, आरशात बघावं तशी बघायची. किती दिवसांनी तिचा चेहरा असा निवांत दिसला. हळूच विचारलं, आई, कुठे आलो आपण? म्हणाली, अंजनेरी मागे पडली.

घरी आल्यावर होळीआधीची तिकिटं काढली.

इंजिन उठवायचं कसं, तेही तिला विचारलं. आधी फडकी काढायची, म्हणाली, आणि बाकीचं तुला कशाला, मी आहे ना. मीही तिच्यासोबत येतोय. बाजूच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली आहे.

मामींस नमस्कार. तोवर दोघींवर माया असू द्या, आईवर आणि गाडीवर.
आपला
उन्मेष